नाकापेक्षा मोती

सलमाबादला दुपारी दोन वाजता
पान्हासुद्धा फडक्यात धरावा लागतो.
तेव्हा नवाफ आला, काखेत खोकं.
त्यात लाल शंकूसारखा एअर फिल्टर, चकचकीत नळी,
आणि मागच्या सीटवर आडवा निजवलेला
दंडाएवढा जाड एक्झॉस्ट.
"उस्ताद, हे बसव. बापाची गाडी आहे."

क्रेसिडा, एकोणनव्वदची.
माझ्या थोरलीच्या वयाची.
थोरली चिपळूणला शिकवते, ही इथे खोकते.

बसवतो म्हटलं, पण आधी बॉनेट उघड.
ही जुनी काळी डबी बघ. कुरूप आहे, मान्य.
पण तिची सोंड ग्रीलमागे,
निदान बाहेरची हवा ओढते.
तुझा शंकू बसेल रेडिएटरच्या मांडीला मांडी लावून,
भट्टीच्या तोंडाशी बसून श्वास घेईल,
आणि शमाल सुटला की पिठासारखी वाळू
थेट सिलिंडरात.
जाड पाइप तरण्या इंजिनाला शोभतो.
हिच्या फुंकरीला एवढं नळकांडं दिलंस
तर सिग्नलवरून उठतानाच दम जाईल.
आवाज होईल मात्र. आवाजाला काय लागतं!

मग गेज लावलं.
एकशे साठ. एकशे अठ्ठावन्न. एकशे बासष्ट.
चौथ्यात काटा एकशे पाचावर बसला तो बसलाच.
प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा फिरवलं:
एकशे चाळीस.
रिंगा गेल्या.
हवा येते, जाते, धरून ठेवणारं कुणी नाही.

"नाकापेक्षा मोती जड," मी पुटपुटलो,
आणि त्याचा अर्थ अरबीत सांगता सांगता
घामाघूम झालो. नाक, मोती, वजन, बाई.
नवाफ हसला. "आमच्याकडे उलटं.
पणजोबा नाकाला चिमटा लावून तळाशी जायचे.
नाक बंद, तरच मोती."
परकार रंगाची बंदूक खाली ठेवून, मास्कआडून:
"दिगू, दे आता उत्तर."
मला सुचलं नाही.

चहा आला. ग्लास गरम, कुणी उचलेना.
तेव्हा तो हळूच म्हणाला,
बाप वीस वर्षं गोदीत, जहाजांचे पत्रे ठोकत होता.
आता कान गेलेत.
पूर्वी गाडी गल्लीत वळली की
आतूनच ओरडायचा, फाटक उघडा.
आता मी दारात उभा राहतो, त्याला पत्ता नसतो.
म्हणून आवाज हवाय. पळायला कुठे जायचंय मला.

खोकं तसंच बांधून परत दिलं.
रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, जुनी डबी धुऊन पुसून जागेवर.
इंजिनाखालचं रबर कडक झालं होतं, तुटलं नव्हतं.
नवं मागवून ठेवलेलं.

गुरुवारी बापाला घेऊन आला.
उंच माणूस, पांढरा थोब, एका बाहीला घडी.
इंजिन चालू केलं.
त्याने ऐकण्यासाठी मान वळवलीच नाही.
बॉनेटवर तळवा ठेवला.
जुन्या रबरातून येणारी थरथर
मनगटापर्यंत चढलेली मला दिसली.
"वाहिद, इथ्नैन, तलाता," तो मोजत होता,
आणि चौथ्याला थांबून माझ्याकडे पाहिलं.

बिलावर शेवटची ओळ होती:
माउंटिंग, दोन नग, मजुरीसह.
ती खोडली.
नवाफला म्हटलं, फाटकापाशी भिंतीला लावून उभी करत जा,
त्याच्या खाटेच्या बाजूला. आणि एकदम बंद करू नकोस.