साडेचौदा दगड

इथे माणसाचं वजन दगडांत सांगतात.
नर्स मॉर्वेन काट्याकडे बघून म्हणाली, साडेचौदा स्टोन,
आणि मी मनातल्या मनात भाषांतर केलं.
साडेचौदा दगड.
कुणी, कधी, कुठल्या खिशात भरले
ते साधारण ठाऊक होतं.

"दारू?"
"सोशल," मी म्हणालो.
डंडीत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं
आणि अंधारात माणूस फार सोशल होतो.

तिने कागद दिला, पेयांचा, उष्मांकांचा.
घरी येऊन मी तो आपल्या मापात मांडला:
एक पाइंट म्हणजे दीड भाकरी.
गुरुवारी क्विझला चार पाइंट, म्हणजे सहा भाकऱ्या,
वर शालनने झाकून ठेवलेलं ताट वेगळं.
सहा भाकऱ्या खाणारा गडी आमच्या बार्शीकडे
दिवसभर विहीर खणायचा.
मी नद्यांची आणि राजधान्यांची नावं ओळखत होतो.

सोडली.

त्या मंगळवारी काचेचा डबा बाहेर ढकलला
तर तो वाजलाच नाही.
शेजारच्या मिसेस अर्क्वार्टनी कुंपणावरून विचारलं,
बाहेरगावी होता का?

पंधरा दिवस काटा ढिम्म.
तिसऱ्या आठवड्यात तर उलट दोन पौंड वर.
शालनने न बोलता बिस्किटांचा डबा उघडून
तळ दाखवला.
भाडेकरू गेला की शरीर खोली रिकामी ठेवत नाही,
लगेच पाटी लावतं:
शॉर्टब्रेड चालेल, शेव चालेल,
रात्री अकराला फ्रिजच्या उजेडात
उभ्याउभ्या खाल्लेला गार भातही चालेल.

क्विझला गेलो, सोडा आणि लिंबू घेऊन.
ग्लेनने नऊ वाजता एक विनोद सांगितला,
दहाला तोच, साडेदहाला पुन्हा तोच.
बाकीचे तिन्ही वेळा हसले.
मी घरी येताना मोजत होतो
माझे असे किती असतील.

आणि सहा ते दहा!
हे चार तास आपल्या घरात आहेत
हे मला माहीतच नव्हतं.
काय करायचं त्यांचं?
पहिल्यांदा गटाराचं झाकण दुरुस्त केलं.
मग पायात बूट चढवून लॉ टेकडी.
अर्ध्यावर बसलो, कुत्र्याला फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने
ठीक आहात ना म्हणून विचारलं.
खाली टे नदी काळी,
पुलावरून गाडी, खिडक्यांची एक ओळ,
पलीकडे फाइफमध्ये विझली.
हे दृश्य बावीस वर्षं इथेच होतं म्हणे.

नवव्या आठवड्यात शालन चहा गाळता गाळता म्हणाली,
"तुम्ही हल्ली घोरत नाही."
मला वाटलं, कौतुक आहे.
"जाग येते मला. उठून बघते,
श्वास चालू आहे ना."
किती वर्षं ती त्या आवाजावर विसंबून झोपली होती,
आणि त्याआधी किती वर्षं झोपलीच नसेल,
हे मी विचारलं नाही. गाळणं धुतलं.

मार्चमध्ये साडेतेरा.
एक दगड. चार महिन्यांत एवढाच.
दारूमुळे, टेकडीमुळे की रात्रीचा भात सुटला त्यामुळे?
मॉर्वेन म्हणाली, सांगणं कठीण आहे, तिन्ही लिहिते.
पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंय, जरा वाकडं.
ग्लेनच्या साठीला अर्धा ग्लास घेतला,
तोही इथे लिहून ठेवतो,
नाहीतर तुम्हाला वाटेल, हा कुणी साधू.

परवा बाजारातून बटाटे आणले, सहा किलोचं पोतं.
हिलटाउनच्या चढावर दोनदा थांबलो,
हात बदलला, बोटांवर वळ उठले.
"द्या इकडे," शालन म्हणाली.
नको म्हणालो.
एवढं घेऊन मी जिने चढत होतो, झोपत होतो,
लोकांच्या लग्नांत नाचत होतो?

घरी तिने पोतं फाडलं,
चार बटाटे उकडायला टाकले
आणि उरलेले कुठे ठेवायचे
यावर आमचं थोडं वाजलं.