सर्व्हिस

फोटोत सूप आहे आमचंच,
शिंपल्यांचं, वर भोपळ्याच्या चकत्या,
आणि चकत्यांवरून तिरका गेलेला एक केस.
लांब. तांबूस. टोकाशी किंचित वळलेला.
खाली लिहिलंय : किळस आली. पैसे परत हवेत.

रात्रीचे आठ चाळीस. चिल्सोंग बाजारातली
मासळीची दुकानं कधीच धुऊन बंद झालेली,
गल्लीत फक्त आमची शेगडी
आणि काउंटरवरचं ते यंत्र,
ऑर्डर आली की कोंबड्यासारखं आरवणारं.

हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलते.
इतकी गोड, की आपणच तिची माफी मागावी.
"मालक, ग्राहकाने फोटो जोडलाय."
मी म्हणतो, बाई, मला टक्कल पडून वीस वर्षं झाली.
"स्वयंपाकघरात आणखी कोणी?"
आहे. माझी बायको. मल-सुन.
"मग मालक..."

मी पुढचं बोललो नाही.
बोललो असतो तर ते वाक्य
कुठल्या रकान्यात बसवलं असतं तिने?
उशीर, सांडलेले, अन्नात परकी वस्तू,
त्यांच्या यादीत एवढंच.
नऊ हजार पाचशे वोन कापले गेले,
वर एक तारा. पाचातला एक.
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं,
फक्त केस कोणाचा ते कळत नाही.

मल-सुन भांडी घासत होती.
हात पुसून आली. म्हणाली, बघू.
दोन बोटांनी फोटो मोठा केला,
आणखी मोठा, चकत्यांचे चौकोन होईपर्यंत.
लोकरी टोपी कानांपर्यंत ओढलेली,
डेगूच्या या उकाड्यातही,
इस्पितळाच्या दुसऱ्या फेरीनंतरची टोपी.
मला वाटलं आता ही रडणार, किंवा शिव्या देणार
तिच्या माहेरच्या, समुद्राकाठच्या, खारट.
ती म्हणाली,
"किती निगा राखलीय, बघा."

आमच्याकडे सर्व्हिस म्हणजे फुकटचं.
न मागता दिलेलं, वरचं, मापाबाहेरचं.
माझा बाप याच गल्लीत सुरीने शेवया कापायचा,
गिऱ्हाईक उठायला लागलं की
ओंजळभर आणखी सोडायचा वाडग्यात,
तोंडाने काही न बोलता.
आता लोक ऑर्डर देतानाच लिहितात :
सर्व्हिस द्या, पाच तारे देईन.
तीन मांदू उकडून देतो आम्ही, नाहीतर मुळ्याचं किमची.
नाही दिलं, तर तेही लिहितात.

गुरुवारी तीच ऑर्डर पुन्हा आली.
तेच नाव, तोच सातवा मजला.
शेरा : मागच्या वेळी त्रास झाला होता, लक्षात ठेवावे.
नाकारायला बटण आहे,
नाकारलं की दुकान यादीत खाली सरकतं.
माझं बोट तिथेच थांबलेलं.
मल-सुनने पाणी उकळत ठेवलं होतं आधीच.
तीन मांदू घातले. मग चौथा.
झाकणाला चिकटपट्टी, दोनदा.
"तिला सांगा..." म्हणाली, आणि मग,
"नको. काही नका सांगू."

बाहेर हान-सोल स्कूटरचा हॉर्न वाजवत होता.

तेव्हापासून प्रत्येक वाडगा बंद करण्याआधी
मी दिव्याखाली धरतो, वाकून बघतो,
वाफेने चष्मा पांढरा होतो, पुसतो, पुन्हा बघतो.
स्वच्छ असतं. रोज स्वच्छ.

एकदा तरी सापडू दे,
पांढरा, आखूड, बोटाच्या पेराएवढा.
पैसे परत करीन मी.
सगळ्या डेगूचे.