दुधी, एक नग

वही माझ्याकडे असते. तेवीस वर्षं झाली.
मंडळीत गाणारे पुष्कळ, गुडघ्यावर रडणारेही,
बेरीज करणारा मी एकटा, म्हणून.

हंगामाच्या रविवारी वेदीपुढे सतरंजी अंथरतात.
दादरची कणसं, सुपात नागली,
बोर्डिंगच्या पोरींनी लावलेला मुळा, मातीसकट.
पाय बांधलेला एक कोंबडा,
तो नेमका पेत्राच्या नाकारण्यापाशी आरवला
आणि पाळकसाहेबांचा उपदेश
पहिल्या ओळीतल्या पोरांनी संपवला.
रिटायर कंडक्टर यहेज्केलला शेत नाही,
त्याने साबणाच्या चार वड्या आणल्या होत्या.
देवानेच पिकवल्यासारख्या मांडल्या त्याने.

आणि दाराशी, चपलांच्या अंगाला,
एक दुधी. पिशवी नाही, चिठ्ठी नाही.
"कोन्हं शे हाई?" कुणीतरी विचारलं.
कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

अमोस बाहेर चिंचेखाली बसतो.
ऊसतोडीला सुरतेकडे गेला तेव्हा दोघं होती,
परत आला तो एकटा,
हातात तिची पत्र्याची पेटी.
तेव्हापासून दर रविवारी येतो, चिंचेपर्यंत,
आणि आशीर्वादाच्या आधी उठून जातो.
पाळकांनी एकदा विचारलं, तर म्हणाला,
"माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे.
पण भांडण मी घराबाहेर नेलं नाही, साहेब."
तेव्हापासून खिडकी त्या बाजूची
थंडीतही आम्ही उघडी ठेवतो.

लिलाव यहेज्केलच करतो.
"पुढे सरका, पुढे सरका, दुधी आहे दुधी!"
सुगंधा सिस्टरने वीसला घेतला, पैसे मोजले,
आणि परत सतरंजीवर ठेवला: "मंडळीला."
आमच्यात ही रीत आहे.
मग पन्नास. परत मंडळीला.
मग कुणी पस्तीस म्हणालं, तेही चाललं.
हन्नाआजीने शंभराची घडी उलगडली,
इतकी बारीक घडी की उलगडेपर्यंत
एक कडवं गाऊन झालं असतं.
शेवटी बोर्डिंगच्या पोरी आपसात कुजबुजल्या,
चिल्लर गोळा केली. अकरा रुपये.
"अकरा एक वार," यहेज्केल म्हणाला,
"अकरा दोन वार,"
शंभरावर अकराची बोली कुठल्या बाजारात चढते?
कुणी हूं केलं नाही.
"अकरा तीन वार."

पोरी दुधी घेऊन उन्हात गेल्या.
काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही.
मी तेव्हा साबणाची बेरीज करत होतो.
मान वर केली तेव्हा
अमोस चुलाणापाशी बसून आमच्या विळीवर
दुधी चिरत होता,
आणि बिया वेगळ्या काढून ठेवत होता, पानावर.
कोवळं बी. रुजायचं नाही,
हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?
तरी ठेवत होता.

हन्नाआजी म्हणाली, "भाऊ, मझार ये ना."
तो "इथंच बरा" म्हणाला,
पण पंगत त्याच्याकडेच सरकत गेली,
म्हणजे आधी पोरी, मग ताटं, मग पाळक,
उरलेल्यांना सावली तिकडेच होती.
डाळीत दुधी किती जणांना आला कोण जाणे,
माझ्या वाटीत एक फोड होती.
ढोलकी आत खुंटीला तशीच होती.
एकेकाळी ती त्याचीच.
कुणी काढली नाही, त्यानेही विचारलं नाही.
आशीर्वादाला मात्र तो होता,
उष्ट्या हाताने, डोकं न झुकवता.

रात्री कंदिलासारख्या त्या पिवळ्या बल्बखाली वही उघडली.
दुधी, एक नग. वीस, पन्नास, पस्तीस, शंभर, अकरा.
दोनशे सोळा.
पेटीत दोनशे सव्वीस.
तीनदा मोजले. दहाची नोट,
जुनी, घामाने मऊ झालेली, जास्तीची.
पाळक म्हणाले, "लिही, कृपा."
मी म्हटलं, "साहेब, तसा रकाना नाही."

इतर: दहा.
खाली सही केली, आणि बऱ्याच वर्षांनी
हिशेब न जुळताच झोपलो.