सहावा रकाना

सकाळचे पावणेसात. सेंट जॉन्सच्या बंदरावर
धुकं असं बसलंय की भोंगाच तेवढा दिसतो.
कॉफी निवली. स्क्रीनवर फॉर्म उघडा :
प्रशिक्षणार्थी – डेक्लन फाउलो, वर्ष दुसरं.
मूल्यमापन करणार – मी, नोरीन क्विल्टी.

पहिले पाच रकाने भराभर झाले.
श्वासनलिकेत नळी : पहिल्याच प्रयत्नात.
एक्स-रे वाचणं : बरं, पण घाई करतो.
सहावा रकाना : व्यावसायिकता.
एक ते पाच. योग्य तो गोल भरा.

शब्द कडक इस्त्रीचा.
घडी मोडायला कुणी धजत नाही.

बर्नडेट, रात्रीची नर्स, दोन ओळी लिहून गेलीय.
अक्षरात राग नाही. फक्त वेळ आहे :
‘२.५०. खाट सात. डॉक्टर म्हणाले, आली भरती.
बूट काढून पाहिले नाहीत.’

भरती. सायरस पिटमनचं आमच्याकडलं नाव.
रोज रात्री चढतो, पहाटे ओसरतो,
मागे दारूचा वास, ओल्या वाळूसारखा.
कॉडच्या बोटीवर होता म्हणे.
मासेमारी बंद झाली, बोट गेली, बायको मुलीकडे गेली
म्हणे.
मी कधी विचारलेलं नाही.

पावणेपाचला डेक्लन परत गेला त्याच्याकडे.
का, ते त्यालाही धड सांगता येईना.
पांघरूण सरकलं होतं, म्हणाला.
जमिनीवर बसला. नाड्या बर्फाने गच्च,
शेवटी कात्रीने कापल्या.
डाव्या पायाची दोन बोटं
मेणबत्तीच्या टोकांसारखी. पांढरी. टणक.

कोमट पाण्याचं घमेलं, वेदनेवरचं इंजेक्शन,
सर्जनला फोन, आणि मग
कुणी न बोलावता तो माझ्यापुढे उभा :
‘दोन तास मी घालवले.
त्यांची बोटं गेली तर त्याचा हिशेब माझ्याकडे.
हे त्यांनाही सांगून आलोय.’
‘काय म्हणाला तो?’
‘म्हणाले, तुझं नाव काय रे पोरा?’

आता कुठल्या घटकेला गुण देऊ?
तीनच्या डेक्लनला एक, पाचच्याला पाच,
सरासरी तीन?
पण सरासरीचा माणूस
काल रात्री ड्यूटीवर नव्हताच.

आणि आणखी एक. त्याला रकाना नाही.
गेल्या फेब्रुवारीत, पाळी बदलताना,
अकरा जण, काचेपलीकडे ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं,
आणि कप हातात धरून मीच म्हणाले होते,
‘आली बघा भरती.’
सगळे हसले. कोपऱ्यात नवा मुलगा, वही उघडी,
तोही हसला,
जरा उशिरा. शिकल्यासारखा.

महिन्यातल्या एका गुरुवारी मी तासभर शिकवते
सचोटी, सन्मान, रुग्णाची प्रतिष्ठा. चाळीस स्लाइड्स.
शेवटी बिस्किटं असतात.
खरा तास झाला तो त्या काचेपाशी,
चार सेकंदांचा. हजेरी पूर्ण.

पोहऱ्याला पाचपैकी किती, विचारतो फॉर्म.
आडाला कोण विचारणार?

टिप्पणीच्या चौकटीत लिहिलं :
‘चूक स्वतः सांगायला आला.’ मग पुढे :
‘हे नाव तो माझ्याकडून’
एवढ्यात स्क्रीन विझली. बराच वेळ
हालचाल नसली की ती आपोआप विझते.

उठले. खाट सातपाशी गेले.
पायाला पांढरं गाठोडं, उशाशी सोललेलं संत्रं,
कुणी ठेवलं कोण जाणे.
‘मिस्टर पिटमन,’ मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून
मागे भिंतीकडे पाहिलं,
कुणाला हाक मारतेय ते.