अंकली, रात्री दीड

सांगलीत आधी उघडलं, ही खरी बोंब.
काचेचं दार, आत भर दिवसा दिवे,
आणि एका पर्सची किंमत
माझ्या टेम्पोच्या चार टायरांएवढी.

तालमीच्या कट्ट्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता.
हळदीच्या गावाला पर्स? म्हणाला रंगराव खोत,
ज्याच्या बायकोची पर्स म्हणजे
दुधाची पिशवी, धुऊन वाळवलेली.
भडंग खावावं त्यांनी, फुंकर मारून,
ह्यो नाद आमचा हाय.
सगळ्यांनी मान डोलावली.
मीही डोलावली.
मला भाडं मिळायचं होतं अजून.

मग राजारामपुरीत उघडलं, तीन महिन्यांनी.
काच त्यांच्यापेक्षा दीड फूट उंच.
मालकाची दोन माणसं मुद्दाम जाऊन आलेली,
खिशात टेप घेऊन, गिऱ्हाईक असल्यासारखी.
उद्घाटनाला हलगी कडाडली,
आतल्या गार हवेनं काचेवर बाहेरून दव धरलं,
त्यावर एका पोरानं बोटानं लिहिलं
जगात भारी,
आणि ते ओघळून जाईपर्यंत
कुणी पुसलं नाही.

आता माझं.
मी दस्तगीर मुल्लाणी, छोटा हत्ती,
सोमवार आणि गुरुवार, शटर पडल्यावर.
सांगलीत जे खपत नाही ते कोल्हापूरला,
कोल्हापुरात जे पडून राहतं ते सांगलीला.
चलनावर दोन्हीकडं एकच शब्द, नवीन.
मालकही एकच आहे, पुण्याला असतो,
त्याला मी फक्त सहीत बघितलाय.

दिवसा हाच टेम्पो मार्केट यार्डात हळद ओढतो.
कितीही धुतला तरी फळ्यांच्या फटीत राहतेच.
मॅनेजर नाक मुरडून अत्तर मारतो खोक्यांवर.
पण परवा नागाळा पार्कातल्या एक बाई
पर्स नाकाशी धरून डोळे मिटून म्हणाल्या,
बघा, अस्सल इटालियन चामड्याचा वास.
मी कोपऱ्यात पोचपावतीसाठी उभा.
सांगलीची पोती आठवली,
आणि चेहरा सरळ ठेवताना
लई ताप झाला.

महापुराच्या वर्षी ही दुकानं नव्हती.
तरी सुरुवातीला सांगलीच्या मॅनेजरनं
भिंतीवरची रेघ दाखवली होती, पेंटखालून उमटलेली,
इथवर कृष्णा, छातीएवढी.
मी हे कट्ट्यावर बोललो आणि चुकलो.
छाती? शाहूपुरीत आमच्या मावशीच्या घरात
पंख्याला पाणी लागलं हुतं.
रंगराव उभा राहून हात वर करून दाखवत होता.
त्याच पाण्यात त्याची म्हैस गेलेली.
ते तो बोलला नाही.

माल मागं, पण बाई पुढं.
म्हणजे पुतळी. खिडकीतली. मागं ठेवली तर तडकते.
शेजारच्या सीटवर बसवतो, पट्टा लावतो,
कपडे उतरवलेले असतात म्हणून
माझी चादर.
तिच्या डाव्या करंगळीचा टवका
हातकणंगल्याच्या गतिरोधकावर उडाला, माझ्याच हातनं.
आता दोन्ही दुकानांत तिच्या त्या हातात
काहीतरी अडकवतात, रुमाल नाहीतर घड्याळ.
दोन्ही गावच्या बायका काचेपुढं थांबतात,
आमच्याकडची बघा, त्यांच्याकडं असली न्हाई.

हे कट्ट्यावर सांगू नकोस
असं मला कुणी बजावलेलं नाही.
माझं मीच सांगत नाही.
रंगरावाला झोप यायला पाहिजे.

अंकलीला पुलाअलीकडं भुपाल मगदूमाची टपरी,
रात्रभर चालू.
खाली कृष्णा, अंधारात नुसती गार लागते.
भुपाल कपबशी आणून सीटकडं वाकून बघतो,
चादर नीट करतो तिची, खांद्यावरची,
आणि दर वेळी विचारतो,
ही आज कुणाची रं?

मी टेम्पोचं तोंड
कुणीकडं आहे ते बघतो,
मग सांगतो.