रिती

चार हजार सहाशे मीटरवर
पहिले चार दिवस मी फक्त श्वास मोजले.
पाचव्या दिवशी सातुर्निनानं कोकाच्या पानांचा काढा पुढे केला
आणि विचारलं, एवढ्या लांब काय मोजायला आलीस?
गवत, म्हणाले.
ती हसली नाही. तिच्या सुनेनं, यानेतनं, मात्र तोंड फिरवलं.

माझ्याकडे तारेची चौकट होती, मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
डोळे मिटून भिरकावायची, पडेल तिथं गुडघे टेकायचे
आणि लिहायचं:
हिरवं इतके टक्के, वाळलेलं इतके, उघडी माती इतकी,
लेंड्या असल्यास खूण.
भिरकावण्याचं काम नऊ वर्षांच्या विल्बेरनं
दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलं.
त्याचा नेम वाईट होता,
म्हणजे या कामाला उत्तम.

इथलं कुरण डोलत नाही.
वारा येतो, त्याला धरायला काही सापडत नाही.
टणक बुटक्या गाद्या, एकीला एक बिलगलेल्या,
वरून दगड म्हणाव्यात अशा,
पण बोट खुपसलं तर आत गार, काळं, ओलं,
कुजायचं राहून गेलेलं कैक पिढ्यांचं गवत.
वर्षाला नखभर वाढतं.
अल्पाकांचे तळवे मऊ, त्यांचं जाणं गादीला जाणवतही नसेल.
मेंढीचं तसं नाही, सातुर्निना म्हणते,
मेंढी पायात सुरी घालून येते.

रोज पहाटे, पाण्यावरची साय फुटायच्या आत,
ती फावडं खांद्यावर टाकून वर जाते.
इथलं ढेकूळ उचलते, तिथं दाबते.
पाणी क्षणभर अडतं, मग वळतं.
आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात.
मैलभरात एकही दार नसलेल्या त्या पठारावर
ती दारं धरून उभी,
टायरच्या वहाणा काठावर काढून ठेवलेल्या.

पाणी येतं त्या शिखराचं नाव युराक रिती.
युराक म्हणजे पांढरं. रिती म्हणजे बर्फ.
तिच्या लहानपणी त्याची कड कोंडवाड्यातून दिसायची.
आता विल्बेरला बर्फाला हात लावायचा
तर अर्धा दिवस चढावं लागतं, आणि तो चढतो,
खिशात भरून आणतो, घरी पोचेस्तोवर खिसा ओला.
तुमच्यात आहे का असा शब्द, रिती, तिनं एकदा विचारलं.
मी नाही म्हणाले.

सतरावी चौकट कासिमिरोच्या कुरणात पडली.
सात वर्षांपूर्वी तो कळप विकून खाली शहरात गेला,
तिथं तीनचाकी चालवतो.
सात वर्षांत इथं एकही तोंड लागलेलं नाही.
मी पेन्सिलनं आधीच लिहून ठेवलं होतं: हिरवं ऐंशी.
शिकवलंच तसं होतं, जनावरं काढा, जमीन उठते.
चौकटीत सगळं तपकिरी, भेगाळलेलं,
पाय ठेवला तर शिळ्या पावासारखं आत जाणारं.
हिरवं सहा.
खोडरबर शोधता शोधता विचारलं, रोग पडला का?
पाट बुजला, ती म्हणाली.
माणूसच गेला, गाळ कोण काढणार?
तक्त्यात जनावरांचा रकाना होता,
त्यात शून्य भरलं.
फावड्याचा रकाना नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी ती वर न जाता आडवी गेली.
आपल्या पाटाचा काठ फोडला,
कासिमिरोच्या बाजूला.
यानेत मागून ओरडत आली,
आपल्यालाच पुरत नाही, कळपात नऊ गाभण आहेत!
सातुर्निनानं फावडं थांबवलं नाही.
त्याची बायको फोन करते अधूनमधून, एवढंच म्हणाली.
माणसांचं विचारून झालं की कुरणाचं विचारते.
यानेत थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.
मग तिनंही वहाणा काढल्या.

पाणी भेगांत शिरलं, बराच वेळ दिसेनासं झालं,
आणि चार पावलं पुढे बुडबुड करत वर आलं.
विल्बेरनं सवयीनं चौकट भिरकावली.
ती नेमकी तिथंच पडली.
मी गुडघे टेकले, गार पाणी विजारीत चढलं,
आणि टक्के किती लिहावेत ते न सुचून
आधी तारीख घातली.