दोन मिनिटं दहा सेकंद

सांगली, मार्केट यार्ड. हळदीच्या गोदामावर
माझी एडिटिंगची खोली. कीबोर्डातही पिवळी पूड.

सुरुवात, पेच, उत्कर्षबिंदू, उकल —
शिकलो तसे चारही लावले ओळीत.
ट्रेलर बघून जिनगोंडा मगदूम म्हणाले,
"झाला की पिक्चर. आता तिकीट कशाला काढू?"

खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझा हात त्याखाली घेऊन
बोटं दाबली : दोन, मग एक, मग नुसता अंगठा.
आडत्यांचा जुना सौदा.
"बघणाऱ्याला काय दिसतंय?"
कापड हलताना.
"आन् भाव?"

रात्री उकल काढून टाकली.
आधी बहिणीचं रिकामं ताट,
मग तिचं हसू.
दार उघडायच्या आत थांबलो,
कडीवर हात.

सकाळी मगदूमांनी विचारलं,
"दारामागं कोण हाय?"

पैसे त्यांचेच.
स्क्रिप्ट चारदा वाचलीय.